अप्पांचा फलक आणि माईंच्या मुंग्या

अप्पांच्या नावेला भोक नव्हतं, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. भोक असतं तर ते बुजवता तरी आलं असतं. नाव नुसती पाझरायची. कुठून, ते नाव विकणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि विकत घेणाऱ्यालाही नव्हतं. पण रोज सकाळी अप्पा घरामागच्या बागेतून खाली तळ्याकाठी आले की नावेत घोटाभर पाणी असायचंच, आणि पुढचा अर्धा तास ते प्लास्टिकच्या मगाने ते उपसत बसायचे. नाव पाण्यात सोडायची वर्षातून फार तर दोनदा. उपसणं मात्र रोजचं.

बरं, हे काम गुपचूप उरकता आलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण अप्पांच्या जेट्टीला लागूनच कप्तानांची जेट्टी. कप्तान म्हणजे याच तळ्यावरच्या प्रवासी बोटीचे निवृत्त चालक. चौतीस वर्षं त्यांनी माणसं अलीकडच्या काठावरून पलीकडे नेली आणि पलीकडची अलीकडे आणली. अख्ख्या नोकरीत त्यांना काठ दिसेनासा झाला, असं एकदाही घडलं नाही. पण बोलणं ऐकाल तर सात समुद्र यांच्या खिशात! ते आपल्या जेट्टीवर खुर्ची टाकून चहा पीत बसायचे आणि अप्पांचे मग मोजायचे.

"आज एकशे बारा झाले, अप्पा. काल अठ्ठ्याण्णव होते. वाढतंय हं."

अप्पा पाठ फिरवून उपसत राहायचे. माणूस तसा मोठ्या पदावरून उतरलेला. एका भल्या मोठ्या कचेरीत तीस वर्षं सूचनाफलकांचा मजकूर तयार करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. 'जिन्यात थांबू नये', 'दरवाजा आपणहून बंद होतो, ओढू नये', 'येथे चौकशी होत नाही' ही सगळी वाक्यं त्यांची. हजारो माणसं आयुष्यभर त्यांच्या शब्दाबाहेर गेली नाहीत. अशा माणसाचे मग कुणी मोजावेत, याला काय म्हणायचं?

"अहो, पंप बसवा पंप!" कप्तान एके दिवशी म्हणाले. "बटण दाबलं की काम संपलं. विसाव्या शतकात तरी या!"

झालं. अप्पांच्या अंगाचा तिळपापड झाला आणि त्याच आठवड्यात पंप आला. पंप आला म्हणजे प्लग हवा. प्लग आला म्हणजे तो दिसायला दिवा हवा. दिवा आलाच आहे तर चहाच्या किटलीसाठी आणखी एक प्लग असायला काय हरकत आहे, असं अप्पांनीच स्वतःला विचारलं आणि हरकत नाही असं उत्तरही दिलं. ओळखीच्या वायरमनला बोलावणं गेलं.

या सगळ्या बेताला घरातून एकच विरोध होता, तो माईंचा. माई म्हणजे अप्पांच्या सौभाग्यवती, मुलींच्या शाळेत पोहणं शिकवून निवृत्त झालेल्या. रोज सकाळी साडेसहाला जेट्टीच्या टोकावरून सूर मारायचा, पाऊण तास पोहायचं आणि टोकाच्या लोखंडी शिडीने वर यायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. जमिनीवर त्यांचा डावा गुडघा कुरकुरायचा. पाण्यात त्या कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. त्या पाऊण तासावर त्यांचा उरलेला दिवस चालायचा.

"अहो, मी पोहते तिथे वीज आणताय?" माई म्हणाल्या.

"वीज पाण्यात आणत नाहीये, जेट्टीवर आणतोय," अप्पा म्हणाले. "आणि अगं, जाणकार माणूस काम करतोय."

ते मात्र खरं होतं. वायरमन जाणकार होता. त्याने स्वयंपाकघरातल्या बोर्डपासून जेट्टीच्या टोकापर्यंत जाड पाइपातून वायर नेली, टोकाच्या लाकडी खांबाच्या मागून ती वर चढवली, आणि स्वयंपाकघरात एक वेगळा स्विच बसवला. "काका, हा गळतीचा स्विच," तो म्हणाला. "कुठेही जरासा करंट बाहेर झिरपला की हा आपोआप पडणार. पडला तर बोंबलू नका, जोडजाड करू नका, मला बोलवा." एवढं सांगून तो बाहेरगावच्या एका मोठ्या कामावर महिनाभरासाठी निघून गेला.

इथवर सगळं सुरळीत होतं. पंप चालला, नाव कोरडी झाली, कप्तानांना मोजायला काही उरलं नाही. पण अप्पा नियमाचे पक्के. जेट्टीवर वीज घेतली तर परवानगी घ्यायला नको? ते वीज कचेरीत गेले.

खिडकीतल्या कारकुनाने नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरून पाहिला. "फळ्या किती आहेत जेट्टीला?"

"एकोणीस."

"त्यातल्या जमिनीवर किती?"

"सात."

"मग सातांचा अर्ज आमच्याकडे. बाकीच्या बारा फळ्या पाण्यावर आहेत, त्या पाणी खात्याच्या."

अप्पा पाणी खात्यात गेले. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वायर पाण्यात आहे का?"

"छे छे, पाण्याच्या वर आहे!"

"मग आमचा काय संबंध? वायर पाण्यात पडली की या."

असे सहा हेलपाटे झाले. अप्पांच्या नाकी नऊ आले, पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे, त्यांना मनातून थोडं भरूनही आलं. इतकी चोख अडवणूक त्यांनी निवृत्तीनंतर पाहिलीच नव्हती. शेवटी वीज कचेरीतल्या साहेबांनी एक जुना फॉर्म शोधून काढला आणि म्हणाले, "एकोणीसच्या एकोणीस फळ्या आम्ही घेतो. मी स्वतः तपासणीला येईन. पण अट नऊ पाहा. धोक्याचा फलक हवा. ठळक, आणि पक्का बसवलेला. फलक नसेल तर बाकी काही बघणारसुद्धा नाही."

फलक! अप्पा घरी आले ते जवळजवळ पळतच. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तीन दिवस जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले होते. 'सावधान' आधी की 'धोका' आधी? 'स्पर्श करू नये' की 'स्पर्श करण्यास मनाई आहे'? माईंना रात्री झोपेतून उठवून त्यांनी विचारलं की 'जीवितास अपाय' यात जरब आहे की नाही. माई म्हणाल्या, आहे, झोपा. चौथ्या दिवशी पत्र्याचा फलक तयार झाला. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं, खाली एक कवटी. कवटी थोडी कप्तानांसारखी दिसत होती, पण तो योगायोग म्हणायचा.

आता फलक लावायचा कुठे? अर्थात टोकाच्या खांबावर, शिडीच्या अगदी डोक्याशी. पाण्यातून येणाऱ्यालाही दिसावा आणि जमिनीवरून येणाऱ्यालाही. अप्पांनी घरातले स्क्रू आणले, तेव्हा कप्तान खुर्चीतून हसले.

"हे स्क्रू? अहो, पहिल्या वाऱ्याला फलक तळ्यात! पक्का म्हणालेत ना साहेब? थांबा." त्यांनी घरातून बोटभर लांबीचे चार स्क्रू आणले. "बोटीचे आहेत. बोट भंगारात गेली, पण हे हलले नाहीत."

अप्पांनी जीव खाऊन ते चारी स्क्रू पिळले. त्यातला डावीकडचा खालचा शेवटी थोडा अडला. अप्पांनी जोर केला, आणि तो गेला. फलक असा बसला की हत्ती आला असता तरी हलला नसता. त्या स्क्रूने खांब पार केला, खांबामागचा पाइप पार केला, पाइपातली वायर पार केली आणि तो शिडीच्या लोखंडी पट्टीला जाऊन टेकला, हे तेव्हा कुणालाच दिसलं नाही. अप्पा तर चार पावलं मागे जाऊन आपलीच अक्षरं वाचत उभे होते.

त्याच संध्याकाळी गळतीचा स्विच पडला. वर केला, पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. अप्पांनी वायरमनला फोन लावला. तो उचलेना. दुसऱ्या दिवशी नावेत पाणी, अप्पांच्या हातात मग आणि शेजारून आवाज, "बेचाळीस, त्रेचाळीस..."

"स्विच बिघडलाय हो," अप्पा शेवटी वैतागून म्हणाले. "नवाकोरा, आणि सारखा पडतोय."

"मग काढून टाका बाजूला!" कप्तान म्हणाले. "सारखा कुरकुर करणारा नोकर ठेवता का घरात? आमच्या बोटीवर असले नाजूक प्रकार नव्हते. चला, दाखवतो." आणि त्यांनी खरोखर येऊन दोन वायरी त्या स्विचला वळसा घालून सरळ जोडून दिल्या, वर काळी टेप गुंडाळली. स्विच भिंतीवर तसाच राहिला, शोभेला. दिवा लख्ख पेटला. कप्तानांनी हात झटकले. अप्पांनी त्यांना किटलीतला चहा पाजला. आपल्याकडे खरं बोलणाऱ्यांची तोंडं कशी बंद होतात, ते हे असं. असो.

तिसऱ्या दिवशी माई पाण्यातून शिडीने न येता बाजूच्या चिखलातून वर आल्या. गुडघ्यापर्यंत गाळ, चेहरा पांढराफटक.

"पायांत मुंग्या आल्या हो. हातांतसुद्धा. शिडीजवळ आले आणि एकदम हात जड झाले. कसंबसं वळून काठ गाठला."

अप्पा घाबरले. मनापासून घाबरले. त्यांनी माईंना तडक गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, "वय, माई. नसा. पंधरा दिवस पोहणं बंद, आणि या लाल गोळ्या."

पोहणं बंद झालं, मुंग्याही बंद झाल्या. डॉक्टरांची गल्लीत वाहवा झाली. कप्तानांनीसुद्धा स्वतःसाठी त्याच गोळ्या आणल्या. फक्त माई दिवसेंदिवस सुकत चालल्या. साडेसहाला उठायच्या, खिडकीशी बसायच्या, आणि तळ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघायच्या. एकदा अप्पांना म्हणाल्या, "काठापासून लांब असताना काही होत नव्हतं हो. शिडीजवळ आले तेव्हाच झालं. नसांना कुठे शिडी कळते?"

"डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?" अप्पा म्हणाले. म्हणाले खरे, पण त्यांनाही तो प्रश्न दोन दिवस टोचत राहिला. मग तपासणीची तारीख आली आणि ते तो विसरले.

साहेब दुपारी चारला आले. हातात यादी, खिशात शिक्का. गल्ली जमलीच होती. डॉक्टर होते, कप्तान टोपी घालून होते. साहेबांनी फलकाची उंची मोजली, अक्षरांची रुंदी मोजली, मग फलकाला धरून हलवून पाहिलं.

"वा!" साहेब म्हणाले. "पंचवीस वर्षांत इतका पक्का फलक पाहिला नाही. मजकूर कोणाचा?"

अप्पांनी नुसती मान झुकवली.

"गळतीचा स्विच आहे?"

"आहे," अप्पा म्हणाले. साहेबांनी स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून पाहिलं. होता. यादीत 'आहे का' एवढंच विचारलं होतं, 'जोडला आहे का' असा रकानाच नव्हता. साहेबांनी शिक्का मारला. 'सदर जेट्टी सुरक्षित आहे.' टाळ्या पडल्या.

आणि माईंनी तो कागद वाचला. पंधरा दिवस त्याच दिवशी पुरे झाले होते. "डॉक्टर, आता जाऊ ना मी?" डॉक्टर म्हणाले, जा की! माई पाच मिनिटांत पोहण्याची टोपी घालून, टॉवेल घेऊन आल्या. कित्येक दिवसांनी त्या हसत होत्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी टोकावरून सूर मारला आणि एका दमात लांब निघून गेल्या.

त्याच वेळी घरात वायरमन आला होता. बाहेरगावचं काम आटोपून, चुकलेले फोन बघून, बिचारा थेट आला होता. अप्पा चहाचे कप न्यायला स्वयंपाकघरात गेले, तर तो बोर्डासमोर उभा.

"काका, हे कुणी जोडलं?"

"अरे तुझा स्विच बिघडला होता. सारखा पडत होता."

"कधीपासून पडत होता?"

"झाले की पंधरा-वीस दिवस. फलक लावला त्या दिवसापासून."

"कुठे लावला फलक?"

"टोकाच्या खांबावर. चांगले बोटभर लांब स्क्रू..."

अप्पांचं वाक्य तिथेच थांबलं. वायरमनचा चेहरा बघून थांबलं असं नाही. शिडीजवळ आले तेव्हाच झालं, असं माई म्हणाल्या होत्या. अप्पांच्या हातातले कप खाली पडले आणि कधी नव्हे ते त्यांचे पाय मेंदूच्या आधी धावू लागले.

"काका, मेन कुठंय?" मागून वायरमन ओरडला.

"जिन्याखाली! वर्तमानपत्रांच्या मागे!"

आता ती वर्तमानपत्रं नऊ वर्षांची होती, हे सांगायला अप्पा थांबले नाहीत.

ते जेट्टीवर पोचले तेव्हा माई परत फिरल्या होत्या आणि शिडीच्या रोखाने येत होत्या. तीसेक हात अंतर असेल. अप्पांनी दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "येऊ नकोस! जवळ येऊ नकोस! जा! लांब जा!"

"अहो अप्पा!" डॉक्टर म्हणाले. "चारचौघांत बायकोला असं बोलतात का?"

"घरगुती बाब दिसते," म्हणत साहेबांनी शिक्का खिशात टाकला.

माईंनी पाण्यातून डोकं वर काढलं. "काय म्हणालात?"

"जा म्हणतोय! पलीकडे जा! इथे यायचं नाही!"

"मी? जा?" माईंचा आवाज चढला. चाळीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता. "थांबा, तिथे येऊन ऐकते!" आणि त्या दुप्पट वेगाने शिडीकडे निघाल्या.

वीस हात. पंधरा. कप्तानांना वाटलं, वहिनींना मदत हवी, म्हणून ते टोपीसकट उडी मारायला धावले. अप्पांनी त्यांच्या सदऱ्याला धरलं, सदरा टरकन फाटला, तेव्हा अप्पांनी त्यांना फळ्यांवर पाडलं आणि त्यांच्या पाठीवर चक्क बसकण मारली. "कोणी पाण्यात उतरायचं नाही!" आणि तिथूनच, कप्तानांच्या पाठीवरून, साहेबांच्या, डॉक्टरांच्या, अख्ख्या गल्लीच्या देखत ते बेंबीच्या देठापासून ओरडले.

"अगं, माझी चूक झाली! मी वायरीत स्क्रू ठोकलाय! पाण्यात करंट आहे! तुझ्या नसांना काही झालेलं नाही, मी मूर्ख आहे, मी!"

माई जागच्या जागी थांबल्या. करंटचं नंतर कळलं असेल. पण 'माझी चूक झाली' हे चार दशकांत पहिल्यांदाच त्या ऐकत होत्या, त्यामुळे हातपाय आपोआप थबकले. मग त्यांना पायांत बारीक मुंग्या जाणवल्या. त्या वळल्या आणि सपासप हात मारत लांब गेल्या, आणि तिथे पाठीवर तरंगत राहिल्या. अप्पा नुसते त्या टोपीकडे बघत होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

जिन्याखाली दाणकन काहीतरी कोसळलं. तपासणीसाठी लावून ठेवलेला जेट्टीवरचा दिवा विझला. डोक्यावर वर्तमानपत्राची पुरवणी घेऊन वायरमन दारात आला आणि त्याने दोन्ही हात हलवले.

"अप्पा," खालून कप्तान क्षीण आवाजात म्हणाले, "आता उठता का?"

पुढचं सगळं तसं शिस्तीत झालं. वायर निघाली, पाइप निघाला, पंप निघाला. फलक काढायला वायरमनला पाऊण तास लागला. अप्पांनी तो स्वतःच्या हाताने वाकवून भंगारात दिला. साहेबांना ते म्हणाले, प्रमाणपत्र परत घ्या. साहेब म्हणाले, "रद्द करायचं तर अपघात व्हावा लागतो. तो तुम्ही होऊ दिला नाहीत. कागदोपत्री तुमची जेट्टी सुरक्षितच आहे." वायरमनने मात्र मीटर लावून तीनदा पाणी तपासलं आणि सांगितलं की जेट्टीवर आता विजेचा ठिपकासुद्धा नाही.

पण माई पाण्यात उतरेनात. रोज साडेसहाला टोपी, टॉवेल घेऊन टोकापर्यंत जायच्या. शिडीकडे बघायच्या. मग म्हणायच्या, "उद्या बघू," आणि परत फिरायच्या.

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" अप्पांनी एकदा विचारलं.

"तुमच्यावर आहे हो," माई म्हणाल्या. "पाय ऐकत नाहीत."

असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी माई टोकाशी उभ्या असताना अप्पा मागून आले. त्यांनी चपला काढल्या. चष्मा काढून शेजारून आलेल्या कप्तानांच्या हातात दिला. विजार दुमडायला घेतली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तशीच सोडून दिली. त्यांना पोहता येत नव्हतं. तळ्याकाठी राहून या माणसाने आजवर तळ्यात पाऊल टाकलं नव्हतं. दोन्ही हातांनी लोखंडी शिडी घट्ट धरून, डोळे मिटून, ते एकेक पायरी खाली उतरू लागले. घोटे बुडाले, गुडघे बुडाले, कंबर बुडाली. छातीपर्यंत पाणी आल्यावर ते थांबले आणि तसेच उभे राहिले. कप्तानांनी पायऱ्या मोजल्या नाहीत.

बराच वेळ गेला.

"काही होतंय का हो?" वरून माईंनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

"होतंय," अप्पा म्हणाले.

माईंनी टॉवेल छातीशी धरला. "काय होतंय?"

"थंडी वाजतेय भयंकर. आणि पायाखाली काहीतरी बुळबुळीत आहे."

माई त्यांच्याकडे बघत राहिल्या. सदरा फुगून वर आलेला, दात कडकडा वाजताहेत, शिडीवरची बोटं पांढरी पडलेली. मग त्यांनी टॉवेल कप्तानांच्या खांद्यावर टाकला आणि टोपी कानांवर ओढली.

"मग सरका जरा तिकडे," माई म्हणाल्या. "मला उतरायचंय."